आसरांच्या डोहावरचा म्हाळ

भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा लागला की नगरच्या भाजीबाजारात कारली, गवार, लाल भोपळा आणि अळूची पानं शेजारीशेजारी मांडलेली दिसू लागतात. या दिवसांत माणसं भाजी निवडताना फार बोलत नाहीत. जो आता जेवायला येणार नाही त्याची आवड आठवत उभी राहतात आणि थोडं जास्तच घेतात. परवा मीही कारली घेतली. मला कारलं आवडत नाही. दादाला आवडायचं.

मी एकटा राहतो. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी झाली, आता घरातल्याच पुस्तकांवरची धूळ पुसतो. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर या दिवसांत लोक पान वाढून कावळ्यांची वाट पाहत उभे असतात. एक गृहस्थ मोबाईलवर कावळ्याचा आवाज लावतात. त्या आवाजाला कबुतरं येतात. गृहस्थ हातातल्या वर्तमानपत्रानं त्यांना हाकलतात, कबुतरं कठड्यावर जाऊन बसतात, गृहस्थ वळले की पुन्हा पानावर उतरतात. पूर्वी मला याचं हसू यायचं.

आमच्या गावी कावळ्याचा मान दुसरा. गाव मुळेच्या काठी, धरणाच्या वरच्या अंगाला. नदी तिथं काळ्या खडकातून वळते आणि त्या वळणावर एक खोल डोह आहे. काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवता. डोहातली मासळी त्यांची. घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं या पंधरवड्यात जेवण घालायचं, त्याला आमच्याकडे म्हाळ म्हणतात. म्हाळाचा पहिला घास डोहात सोडायचा. दहीभाताचा मुठीएवढा गोळा, वर काळे तीळ. पण तो नुसता सोडायचा नाही. आधी गेलेल्या माणसाला मोठ्यानं काहीतरी कबूल करायचं. त्याचं जे राहून गेलं, ज्यात त्याचा जीव अडकला असेल, ते आम्ही करू असं सगळ्यांच्या देखत सांगायचं. कबुली मनासारखी असली की तळातून खडशी वर येते. खडशी म्हणजे मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा, पुस्तकात त्याला महासीर म्हणतात. पाण्यात क्षणभर तिची सोनेरी कूस दिसते आणि घास घेऊन ती खाली जाते. मग बायका डोळ्यांना पदर लावतात आणि कोणीतरी म्हणतं, "घेतला."

लहानपणी आमच्या एका आत्याच्या म्हाळाला घास कितीतरी वेळ तसाच राहिला होता. तिच्या मुलानं कबूल केलं, बहिणीला दिवाळीला आणीन. काही नाही. घराला पत्रे टाकीन. काही नाही. ऊन चढत चाललं, पोटात भूक, भटजी दुसऱ्या घरी जायची घाई करू लागले. शेवटी मागून कोणी म्हातारी म्हणाली, "आरं, म्हशीचं बोल की!" मुलगा कसनुसा झाला. म्हैस विकायची बोलणी त्यानं आदल्या दिवशीच केली होती. "न्हाई इकत म्हैस," तो पुटपुटला. "तिला आइकू जाऊ दे!" म्हातारी म्हणाली. तो ओरडला, "आये, तुझी म्हैस न्हाई इकत!" आणि पाणी हललं. सगळे हसत होते, रडत होते. ती म्हैस पुढे गोठ्यातच म्हातारी होऊन गेली.

माशाला माणसाचं काय कळतं, हे मी मोठेपणी दादाला विचारलं होतं. दोन पुस्तकं वाचल्यावर माणूस विचारतो तसंच. दादा म्हणाला, "माशाला कळंना का. आपण बोललो ना सगळ्यांच्या म्होरं? झालं."

दादा माझा मोठा भाऊ. वडील लवकर गेले, त्यामुळे त्यानं शाळा सोडून शेत धरलं आणि मला शिकायला नगरला पाठवलं. डोहावर पहिला घास आमच्या घराचा, असा जुना मान. आमच्या घरचा घास गेल्याशिवाय दुसऱ्या कोणी सोडायचा नाही. दादानं त्या मानाचं रोजचं काम करून टाकलं होतं. सकाळी गुरांचं आवरलं की तो भाकरीचा चुरा घेऊन डोहावर जायचा आणि पितळेची लोटी दगडावर वाजवायचा. तो आवाज पाण्यात कसा पोचत असेल कोण जाणे. हळूहळू तळ हलायला लागायचा. आधी काळोखातली नुसती एक जाड हालचाल, मग पाठी, मग ते रुपयाएवढे खवले, उन्हात पितळी, सावलीत हिरवट.

माझ्या आठवणीतला भाद्रपद म्हणजे तो डोह. पाऊस ओसरलेला, नदीचा गढूळपणा निवळत आलेला, काठावर तेरडा फुललेला, वरच्या रानात बाजरी निसवलेली आणि तिच्यावर पाखरं हाकणाऱ्यांचे लांबून येणारे आवाज. सुट्टीत आलो की दादा मला खडकावर पालथं झोपायला लावायचा. खडक पोटाला गार लागायचा. मी म्हणायचो, काही दिसत नाही, नुसतं आभाळ दिसतंय. "पान्याकडं बघू नको," तो म्हणायचा. "पान्याच्या खाली बघ." नजर बदलायला वेळ लागायचा, आणि मग एकदम आभाळ निघून जायचं आणि तळचा गोटा न गोटा दिसायचा. गोट्यांमधून वाम सळसळत जायची. कडेच्या मुळांखाली मरळ तिच्या लालसर पिल्लांचा पुंजका राखत बसलेली असायची. आणि सगळ्यांच्या खाली, हलल्यासारख्या न हललेल्या, खडशी.

या डोहात जाळं पडत नसे. काठावरच्या जांभळीपासून खडकाच्या नाकापर्यंत आसरांची हद्द. भोयांच्या घरांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली. एका दुष्काळात डोह आटून डबक्याएवढा झाला होता, मासे हातानं धरता आले असते, आणि गावात चुली पेटत नव्हत्या, तेव्हाही कोणी हात घातला नाही, असं सांगतात. भोई होडकं घेऊन डोहातून जायचे तेव्हा जाळं गुंडाळून डोक्यावर घ्यायचे. जाळ्याचा एक धागाही पाण्याला लागता कामा नये. नामदेव भोई माझ्या वयाचा. म्हातारपणी त्याचं होडकं गेलं आणि फुगवलेल्या ट्यूबवर बसून तो मासे धरायला लागला, तरी डोहापाशी आला की एका हातानं वल्हवायचा आणि दुसऱ्या हातानं डोक्यावरचं जाळं सावरायचा.

धरण झालं तेव्हा मी शाळेत होतो. भरल्या वर्षी धरणाच्या साठलेल्या पाण्याचा फुगवटा आमच्या डोहापर्यंत चढायचा, उन्हाळ्यात उतरायचा. त्या फुगवट्याबरोबर चिलापी आली. ती मुळात आफ्रिकेतली. कुठंही जगते, काहीही खाते, वर्षातून अनेकदा अंडी घालते, म्हणून लोकांना स्वस्त मासा मिळावा या चांगल्या हेतूनं ती आपल्या पाण्यात सोडली गेली, हे मला पुढे पुस्तकांतून कळलं. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. नर तळाच्या गाळात ताटाएवढे खळगे करतो आणि जवळ येईल त्याला हुसकावतो. सुरुवातीला डोहात दोनचार दिसायच्या. दादा त्यांनाही चुरा टाकायचा. "पाव्हनी हाईत," म्हणायचा.

पाहुणी राहिली. मरळीचे पुंजके दिसेनासे झाले. तिची आणि इतरांची अंडी, पिल्लं कोण खातं ते दिसत होतं. लोटी वाजली की तळ हलायच्या आधीच काठाशी राखाडी पाठींचा गलबला व्हायचा आणि चुरा वरच्या वर संपायचा. खडशीला वर यायला कारणच उरेना. दादा मग थोडा थांबायचा आणि उरलेली भाकरी लांब, खोल पाण्यात भिरकावायचा. त्याचा नेम चांगला होता. चिलापीचा त्याहून चांगला.

त्यानंतर आला तो मासा मी आधी गावात नाही, नगरमध्येच पाहिला होता. एका दुकानात काचेच्या टाक्या होत्या, रंगीत मासे होते, आणि प्रत्येक टाकीच्या काचेला बोटाएवढा एक काळपट ठिपकेदार मासा तोंडानं चिकटलेला होता. मी बराच वेळ पाहत होतो म्हणून दुकानदार म्हणाला, "काका, हा सकर. न्या एखादा. टाकी साफ ठेवतो, घाण खातो, काही त्रास नाही."

"मोठा होतो का?"

"होतो ना. हातभर होतो."

"मग?"

"मग काय, नदीत सोडायचा. मारायचा कशाला? तेवढंच पुण्य."

त्याच्या बोलण्यात काहीच वाईट नव्हतं. तो खरोखरच दयाळू माणूस असावा. कुठल्यातरी घरात मुलांनी हट्टानं आणलेला मासा वाढत गेला असेल, टाकीत मावेना झाला असेल, आणि एका रविवारी सगळं घर मोटारीतून पाण्यावर गेलं असेल. मुलांनी त्याला टाटा केला असेल. असं किती ठिकाणी, किती घरांनी केलं असेल, ते कोण सांगणार? अंगावर हाडाच्या तकटांचं चिलखत, परांना करवतीसारखे काटे. खंड्यानं किंवा बगळ्यानं चोच मारली तर चोचच दुखावेल. काठाच्या मातीत तो बिळं करतो, त्यात अंडी घालतो, बिळांनी काठ ढासळतो आणि पाणी गढूळ होतं. दगडांवरचं शेवाळ खरवडून नेतो, आणि त्या शेवाळावर जगणारे बारीक जीव, त्यांच्यावर जगणारे मासे, असं एकामागून एक उपाशी पडत जातं. धरणावरचे जाळेवाले त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. आकारावरून असेल. कोणी खात नाही, बाजारात कोणी घेत नाही, आणि तो अडकला की जाळं कापावं लागतं.

दादाच्या शेवटच्या वर्षांत तो डोहात पोचला होता. दादाला आता उतरण उतरवत नव्हती. वहिनी चुरा घेऊन जायच्या आणि आल्या की तो विचारायचा, "आल्या का गं?" वहिनी म्हणायच्या, "आल्या की." एकदा त्या मला परसात म्हणाल्या, "भाऊजी, पानी पार राखुंडीवानी झालंय. तळच दिसत न्हाई, तर काय आलंय आन काय गेलंय ते काय सांगू?"

दादा गेला. वर्षश्राद्ध झालं. गेल्या भाद्रपदात त्याचा पहिला म्हाळ होता.

सगळा गाव डोहावर आला होता. त्यात रशीदभाई होते. दादाचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांची चुरमुऱ्यांची भट्टी आहे, आणि दर भाद्रपदात डोहातल्या मासळीसाठी चुरमुऱ्यांचं पोतं त्यांच्याकडून येतं. वडिलांपासून तसं चालत आलंय. ते नमाज पढून येतात आणि आसरांच्या दगडांपासून जरा लांब, जांभळीखाली बसतात. वहिनींनी घास हातात घेतला. पुतण्या, दादाचा मुलगा, सुप्याला कारखान्यात आहे, तो रजा काढून आला होता. तो म्हणाला, "आप्पा, बहिणीच्या पोरांचं शिक्षण मी बघीन." वहिनींनी घास सोडला.

घास पाण्याला लागला आणि पाणी उकळल्यासारखं झालं. चिलापींनी तो तळाकडे जाऊच दिला नाही. शितं उडाली, तीळ पसरले, आणि बघता बघता काही उरलं नाही.

कोणी "घेतला" म्हणालं नाही.

"झालं की," पुतण्या म्हणाला. "खाल्लाय माशांनीच."

"ते मासं न्हवं," वहिनी म्हणाल्या. "दुसरा करा."

दुसरा घास केला. मागून सुचवण्या सुरू झाल्या. उसाच्या वाटणीचं बोला. विहिरीचं बोला. "आप्पाला बिड्या लागायच्या, बिडी कबूल करा," कोणी म्हणालं आणि त्याला दोघांनी गप्प केलं. रशीदभाई जांभळीखालून म्हणाले, "अरे, डोहाचं बोला. त्याचा जीव दुसऱ्या कशात हुता?" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याचा भाऊ, शिकलेला. मी पुढं झालो आणि मोठ्यानं म्हणालो, "दादा, आम्ही डोह सांभाळू." माझा आवाज मलाच परका वाटला.

दुसरा घासही तसाच गेला. भात संपेपर्यंत आम्ही घास सोडत राहिलो.

त्या रात्री घरी कोणी फार जेवलं नाही. वहिनी म्हणाल्या, "त्यांच्यापतुर पोचलाच न्हाई, भाऊजी. उपाशी गेले." मी म्हणणार होतो की असं काही नसतं. म्हणालो नाही. दादा गेल्यावर माझ्याच घरात, नगरला, त्याची एक काठी दाराआड राहिलेली आहे. ती मी हलवलेली नाही. असं काही नसतं म्हणायला मी कोण?

चैत्रात आसरांची पूजा असते. तेव्हा वहिनींनी गावासमोर विषय काढला. त्या कधी चारचौघांत बोलणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, "डोहात जाळं टाका. ती घान सगळी काढा."

सगळे बघतच राहिले. ज्या घराचा पहिल्या घासाचा मान, त्याच घरानं हद्द मोडा म्हणावं!

"काकी, द्येवाचा डोह हाय," एक जण म्हणाला.

"द्येवाचा हाय म्हणून तर. बाकी समद्या नदीत जाळी पडत्यात, तिथं त्या चिलाप्या जरा तरी कमी हुत्यात. हितं कुनी हात लावीत न्हाई, म्हणून समद्या हितंच येऊन बसल्यात. आपन राखन कुनाची करतोय?"

हे इतकं सरळ होतं. मी पुस्तकांत कितीही वाचलं होतं तरी हे मला दिसलं नव्हतं. ज्या नेमानं खडशी इतकी वर्षं वाचल्या, तोच नेम आता त्यांना खाणाऱ्यांना वाचवत होता. मधल्या काळात कोणाचं काही चुकलं नव्हतं. सगळ्यांनी शब्द पाळला होता.

नामदेव खाली मान घालून बसला होता. "माझ्या आज्यानं जाळं डोक्यावर घिऊन आन घेतलीय," तो म्हणाला. "मी जाळं टाकलं तर पुन्हा कंदी काय घावायचं न्हाई."

"आन आत्ता काय घावतंय रं तुला?" वहिनी म्हणाल्या.

हशा पिकला. नामदेवही हसला. मग म्हणाला, "हेलिकॉप्टर घावतंय, वैनी. बसता का?"

"बसते. चल." त्या हसल्या नाहीत. "पयला दोर मी धरते. पाप लागलं तर मला लागंल. तू आपला माझ्या मागं धर."

वैशाखात, डोह नदीपासून तुटून एकटा उरला असताना, जाळं पडलं. वहिनी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, लुगडं खोचून, दोन्ही हातांत दोर. नामदेवानं सातही दगडांपुढं नारळ फोडला, जाळं कपाळाला लावलं, आणि मान दुसरीकडे वळवून फेकलं. मी काठावर होतो. मला काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून मी सगळ्यांच्या चपला उन्हातून सावलीत आणून ठेवल्या.

जाळं जड आलं. चिलापींचे ढीग झाले. आणि त्यांच्यात ते काळपट, काटेरी, जाळ्याच्या प्रत्येक घरात अडकलेले. नामदेव एकेक सोडवत होता आणि शिव्या देत होता. शेवटी त्यानं सोडवणं बंद केलं आणि विळ्यानं जाळंच कापायला लागला. सकर बाहेर काढले की खरखर आवाज काढतात. खडकावर पडल्या पडल्या ते आवाज करत होते.

खडशी अगदी थोड्या निघाल्या. त्यातली एक मोठी. नामदेवानं ओल्या गोणपाटात धरून ती वहिनींपुढं आणली. तिच्या एका बाजूचे खवले निघालेले होते आणि तिथली कातडी फिकी पडली होती. वहिनींनी हात पाण्यात बुडवून, ओला करून, तिच्या पाठीवरून फिरवला. तापलेल्या पोराच्या अंगावरून फिरवतात तसा. मग तिला परत सोडलं. ती लगेच गेली नाही. काठाशी जरा कलंडून राहिली, मग गेली.

चिलापींचं काय करायचं यावर वाद झाला. देवाच्या डोहातल्या, खायच्या कशा? "द्येवाच्या न्हवं, धरनाच्या हाईत," असं ठरलं आणि त्या पाट्या भरून गेल्या. सकरांसाठी खड्डा खणला. दुपारी उन्हं कलताना मी तिथून गेलो तेव्हा माती टाकायची राहिली होती. सकाळपासून पाण्याबाहेर असूनही त्यांचे कल्ले हलत होते. मी उभा राहिलो. कुठल्या लांबच्या देशातल्या नदीचे हे मासे. यांनाही कोणी विचारून आणलं नव्हतं. काचेच्या टाकीत वाढले, दया म्हणून सोडले गेले आणि आमच्या खड्ड्यात आले. त्यांचा राग यावा म्हणून मी वाट पाहत होतो. आला नाही. जाऊन वहिनींना सांगितलं, माती टाका म्हणावं लवकर.

पुढचे काही आठवडे डोह निवळला. मी मुद्दाम जाऊन राहिलो. तळचे गोटे दिसायला लागले होते. वहिनी लोटी वाजवायच्या, आणि एका सकाळी खरोखर, सगळ्यात खाली, ती जाड हालचाल दिसली. वहिनींनी माझा दंड धरला. घरी येऊन त्यांनी शिरा केला.

मग पाऊस झाला. यंदा चांगला झाला. नगरला वर्तमानपत्रात धरणाच्या पाण्याचे आकडे रोज वर चढत होते आणि लोक खूश होते. का होणार नाहीत? खालच्या रानांना कालव्यातून तेच पाणी जातं, आमच्या नगरच्या नळालाही तेच येतं. धरण भरल्याची बातमी आली त्या दिवशी माझ्या शेजाऱ्यांनी पेढे दिले. मी पेढा हातात घेऊन उभा असताना वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, पानी जांभळीपतुर आलं."

"अस्सं."

"लोटी वाजवली."

मी पेढा टेबलावर ठेवला. "लई आल्या," त्या म्हणाल्या. "बारक्या बारक्या. पाठी राखाडी. आन ते चिकटलेलं बी हाईत, पायरीला."

ग्रंथालयात एखादं पुस्तक हरवलं की फळीवर त्याची फट राहायची. शेजारची पुस्तकं लगेच कलून ती फट भरायची, आणि महिन्याभरात तिथं काही होतं हे कोणाला कळायचंही नाही. तेव्हा मी तशा फटीत लाकडाचा एक ठोकळा ठेवायचो. पाण्यात काय ठेवणार? काढलेल्या माशांची जागा त्यांच्याच भावंडांनी भरली. वर्षानुवर्षं जाळं टाकत राहिलं तरी पाऊस येणार, फुगवटा चढणार. फुगवटा चढू नये असं म्हणायचं तर कोणाच्या रानाला पाणी नको म्हणायचं? मी टेबलाशी बसून कागदावर चार उपाय लिहून पाहिले. लिहिलेले वाचले. कागद पुस्तकात खुणेसाठी घातला.

आणि आता हा भाद्रपद. काल दादाचा दुसरा म्हाळ होता.

मी कारली घेऊन गेलो. वहिनींनी ती भाजी केली, घास केला. यंदाचा घास वेगळा होता. भात जास्त घोटलेला, तांदळाच्या पिठात मळून घट्ट केलेला, लिंबाएवढा आणि दगडासारखा. "बारक्या तोंडांनी फुटायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "तळाला जाईल." डोहावर यंदा माणसं कमी होती. पुतण्याला रजा मिळाली नव्हती. नामदेव होता, त्याच्या डोक्यावर जाळं नव्हतं. रशीदभाई होते, आणि त्यांनी वहिनींबरोबर आधीच काहीतरी ठरवलेलं दिसत होतं, कारण ते पोतं घेऊन जांभळीखाली न बसता खाली, पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले.

"वहिनी, टाकू का?"

"टाका."

त्यांनी मुठी भरभरून चुरमुरे उधळायला सुरुवात केली. पाण्यावर पांढरा थर पसरला. राखाडी पाठी सगळ्या तिकडे वळल्या, पाण्यातून सळसळत, एकमेकींवर चढत. "आओ, आओ," रशीदभाई म्हणत होते. "सगळ्या इकडं या. दावत हाय." म्हातारा माणूस, धाप लागली होती, तरी हात थांबत नव्हता. "वहिनी, लवकर! पोतं सरंल!"

आमच्या बाजूचं पाणी मोकळं झालं. वहिनींनी घास दोन्ही हातांत धरला होता. मी त्यांच्या शेजारी पायरीवर. आता कबुली द्यायची होती. नामदेव टोपी काढून उभा राहिला.

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं, गेल्या वर्षी पाहिलं होतं तसंच.

मी तोंड उघडलं. दादा, आम्ही, इथपर्यंत शब्द आले होते. त्यापुढचा शब्द गेल्या वर्षी मी सहज बोलून गेलो होतो. तो आला नाही. दादा म्हणाला होता, माशाला कळंना का, आपण सगळ्यांच्या म्होरं बोललो ना, झालं. झालं नव्हतं. मी त्याला आता काय कबूल करणार होतो? मी त्या काळ्या पाण्याकडे बघत राहिलो. त्यात आभाळ होतं. पाण्याच्या खाली बघायचा मी फार प्रयत्न केला.

"चुरमुरे सरत आले, भाऊ!" तिकडून रशीदभाई ओरडले.

वहिनींनी माझ्यावरची नजर काढून घेतली. रागानं नाही. जड ओझं उचलायला गेलेल्या माणसाला जमत नाहीसं दिसल्यावर आपण नजर काढून घेतो तशी. मग त्या वाकल्या, आणि काहीच कबूल न करता त्यांनी घास पाण्यात सोडला.

तो फुटला नाही. सरळ खाली गेला. थोडा वेळ पांढरा दिसला, मग हिरवट, मग दिसला नाही.

आम्ही थांबलो. तिकडचे चुरमुरे संपले, पाणी शांत झालं, रशीदभाई रिकामं पोतं झटकून काठावर बसले. खाली काही हललं की नाही, ते काळ्या पाण्यात दिसत नव्हतं. वहिनींनी कमरेची लोटी काढली, दगडावर वाजवली, आणि लोटीवरचा हात तसाच ठेवून त्या पाण्याकडे बघत राहिल्या.